खोगिरावरचा वाढदिवस

"माफ करा हं, पण… तुमचा वाढदिवस मार्चमध्ये झाला ना?"

मॅरेननं मेन्यूकार्डातून डोकं वर काढलं. समोर वेटर उभा होता. उंच, सावळा, कपाळावर कुरळ्या केसांची एक हट्टी बट, कमरेला काळा एप्रन आणि छातीवर नावाची पट्टी: रुबेन. एका हातात गरम पावांची टोपली, दुसऱ्या हातात दालचिनी घातलेल्या लोण्याची वाटी. आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू!

"माझा? छे… म्हणजे… कुठे?"

"पास्त्याच्या हॉटेलात. हमरस्त्यापलीकडे, गाद्यांच्या दुकानाला लागून आहे ना, तिथं. तेव्हा मी तिथं होतो. तुमच्यासाठी गळा फाडून गायलो होतो. तुमच्या केसांना क्रीम लागलं होतं… इथं." त्यानं स्वतःच्या कानामागे बोट नेलं. "आणि आत्ता तुमच्यासोबतचे गृहस्थ हात धुवायला जाता जाता माझ्या कानात सांगून गेले, की आज वाढदिवस आहे तुमचा. आज! ऑक्टोबरमध्ये!"

मॅरेनचे कान तापले. मग गाल, मग मान. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं तिला झालं; पण मिनेसोटातल्या उपनगरांची धरणी तशी नाही, तिच्यावर वीतभर डांबर आणि वर गाड्या लावायच्या पिवळ्या रेघा.

आता हे काय प्रकरण होतं ते सांगायलाच हवं. मॅरेनचे वडील ऑर्विल टोलेफसन, जन्मभर शाळेची पिवळी बस चालवून निवृत्त झालेला माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरी बाप आणि लेक, दोघंच. आणि ऑर्विलचा एकच शौक. दर शुक्रवारी, संध्याकाळी पाचाच्या ठोक्याला, लेकीला घेऊन बाहेर जेवायला जायचं. त्यांच्या लिंडेन हाइट्सला हॉटेलांची काय कमी! हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती रांग. पास्ता, पॅनकेक, खेकडे, बरगड्या, सगळ्यांच्या पाट्या एकाहून एक उंच. आणि अशा हॉटेलांत कुणाचा वाढदिवस आहे असं कळलं, की वेटर लोक टाळ्या पिटत येतात, गातात, आणि मेणबत्ती लावलेला केक फुकट देतात. कुणी जन्माचा दाखला मागत नाही.

बास! ऑर्विलला तेवढंच हवं होतं. दोन-तीन महिने गेले की तो वेटरच्या कानाला लागायचा. हॉटेल मात्र दर वेळी वेगळं. मॅरेन सत्तावीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारी शहाणी मुलगी, टेबलाखालून बापाचा पाय दाबायची, "डॅडी, नको हो, लाज वाटते." तो खुशाल दुसरीकडे बघायचा. मग टाळ्या. मग केक. मग सगळ्या हॉटेलचे डोळे हिच्यावर. फुकटच्या केकसाठी आपला बाप इतका हलका होतो, या विचारानं तिला तो केक घशाखाली उतरायचा नाही.

ऑर्विलची एकच चूक झाली. हॉटेलं बदलली तरी वेटरही हॉटेलं बदलतात, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. हे 'प्रेअरी स्टार' नवीन उघडलं, आणि त्यानं आजूबाजूच्या सगळ्या हॉटेलांतली चुणचुणीत पोरं उचलून आणली.

"सांगा ना," रुबेन टोपली ठेवत म्हणाला, "वर्षातून किती वेळा जन्मता?"

चेष्टाच होती ती. नीट पाहिलं असतं तर तिला त्याच्या डोळ्यांतली गंमत दिसली असती. पण लाजेनं माणूस आंधळा होतो. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे तोंडात आलं ते ती बोलून गेली.

"ते… ते माझे शेजारी आहेत."

"शेजारी?"

"हो. एकटेच असतात. आणि त्यांना… विसर पडतो हल्ली. मधूनच वाटतं त्यांना, की माझा वाढदिवस आहे. मग मी… मी नाही म्हणत नाही. उगाच कशाला त्यांचं मन मोडायचं?"

बोलून झालं आणि तिला वाटलं, जीभ हासडून टाकावी. पण रुबेनच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं आणि त्या जागी भलतंच काही उमटलं होतं. आदर!

"माझ्या आजीचंही असंच होतं," तो हळूच म्हणाला. "शेवटी शेवटी मला ती माझ्या मामाच्या नावानं हाक मारायची. माझी चिडचिड व्हायची. आणि तुम्ही… परक्या माणसासाठी… खरंच, फार चांगल्या आहात हो तुम्ही."

एवढ्या प्रेमानं तिच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. ते तिला हवंहवंसं वाटलं, आणि त्याच क्षणी स्वतःची किळसही आली. तेवढ्यात ऑर्विल हात पुसत परत आला आणि बाकावर तिच्यासमोर बसला. "काय गं, गुलाबी झालीस? उकडतंय का?"

आणि मग ते खोगीर आलं.

बाकीच्या हॉटेलांत नुसत्या टाळ्यांवर भागायचं, पण 'प्रेअरी स्टार'चा थाट वेगळा. लाकडी घोडीवर कसलेलं खरं चामड्याचं खोगीर दोन वेटरांनी उचलून आणलं. वाढदिवसवाल्यानं त्यावर बसायचं, आणि वेटरनं नाव पुकारलं की सगळ्या हॉटेलनं "यी-हाऽऽ" म्हणून ओरडायचं. मॅरेन बसली. बसली कसली, चढवली गेली. रुबेननं हात दिला, आणि तो हात जरा जास्तच वेळ तिच्या हातात राहिला. भुईमुगाच्या टरफलांनी भरलेल्या त्या जमिनीवर लोकांनी पाय आपटले, ओरडले. मॅरेननं डोळे घट्ट मिटून घेतले होते. म्हणून तिला दिसलं नाही, की टाळ्या वाजवता वाजवता तिच्या बापाचे डोळे भरून आलेत.

पुढच्या शुक्रवारी ऑर्विल म्हणाला, "तिथंच जाऊ या परत. पाव छान होते."

"पाव?" मॅरेननं विचारलं.

"पावच. आणि तो पोरगाही बरा होता. तुझ्याकडे बघत होता."

"काहीतरीच हं, डॅडी!"

पण ती गेली. ओठांना रंगही लावून गेली. रुबेननं त्यांना आपल्याच वाट्याच्या टेबलावर बसवलं आणि ऑर्विलच्या कानाशी वाकून मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "कसे — आहात — आजोबा? ओळखलंत — का — मला?"

ऑर्विल दचकला. "ओळखलं की. आठवडाच तर झाला."

"शाब्बास!" रुबेननं त्याची पाठ थोपटली.

तो गेल्यावर ऑर्विलनं चमच्यात आपला चेहरा पाहिला. "मी आजोबा दिसतो?"

"प्रेमानं म्हणतो तो," मॅरेन पाण्याच्या ग्लासात तोंड घालून म्हणाली.

रुबेन प्रेमानंच करत होता सगळं, तीच तर पंचाईत! ऑर्विलचं मांस तो स्वयंपाकघरातूनच बारीक तुकडे करून आणायचा. सूप आधी फुंकर मारून पुढे ठेवायचा. एकदा तर त्यानं लहान मुलांना देतात तो चित्रांचा कागद आणि रंगीत खडू आणून दिले. "डोक्याला — चालना — मिळते!" ऑर्विलनं खडूंकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, खांदे उडवले आणि बैलाला जांभळा रंग द्यायला घेतला. मन लावून दिला. मॅरेनला वाटलं, या टेबलाखाली जाऊन बसावं आणि वर येऊच नये.

आणि तरीही शुक्रवार कधी येतो असं तिला होऊन गेलं होतं. काय करणार! तो पाण्याचा जग घेऊन उगाचच चार वेळा यायचा. "अजून पाणी?" "आत्ताच तर दिलंत." "थंड होतं का ते बघायला आलो." एकदा पाव ठेवताना म्हणाला, "आज दुकानात किती लोकांच्या डोळ्यांत बघितलंत?" ती म्हणाली, "माझं कामच आहे ते." "मग माझेही तपासा की. दूरचं दिसतं, पण जवळचं माणूस समोर आलं की सगळं धूसर होतं." "त्याला चष्मा लागत नाही," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, की आपल्याला असं बोलता येतं!

मग एका रविवारी सकाळी त्यानं तिला पॅनकेकच्या हॉटेलात बोलावलं. बाहेर पहिलं बर्फ पडत होतं, हलकं, रेंगाळणारं. एप्रनशिवाय तो वेगळाच दिसत होता, थोडा बुजलेला. खाणं झाल्यावर त्यानं दोघांच्या बशा एकावर एक रचल्या, काटे-सुऱ्या वरच्या बशीत एका दिशेला लावल्या, सांडलेला पाक रुमालानं टिपला.

"हे काय?" तिनं हसून विचारलं.

"सवय. त्या बिचारीची एक फेरी वाचते." त्यानं लांब उभ्या वेट्रेसकडे मान हलवली. मग टेबलावर पडलेल्या तिच्या हाताजवळ आपला हात ठेवला. जवळ… पण लावला नाही. "मॅरेन, एक सांगू? दिवसभर माणसं बघतो मी. बायकोवर खेकसणारी, पोरांना दटावणारी, म्हाताऱ्या आईला घाईनं भरवून फोनमध्ये डोकं घालणारी. आणि तू… कुणाचा कोण तो शेजारी… त्याच्यासाठी खोगिरावर चढतेस. तुझ्यासारखं कुणी भेटलं नाही मला."

आत्ता सांग, तिचं मन ओरडलं. आत्ताच सांगून टाक!

"रुबेन… मी तितकी चांगली नाहीये…"

"चांगली माणसं असंच म्हणतात," तो म्हणाला, आणि मधलं ते बोटभर अंतर त्याच्या हातानं ओलांडलं. सांगायचं राहूनच गेलं. हात मात्र काढून घ्यायला हवा होता, तो तिनं काढला नाही.

घात झाला तो त्याच्या पुढच्या शुक्रवारी.

हॉटेल अर्धं रिकामं होतं. ऑर्विल मजेत कांद्याची तळलेली पाकळी चटणीत बुडवत होता. रुबेन आला, बाकाच्या कडेला टेकला आणि ऑर्विलच्या कानात ओरडला, "आजोबा! परवा — रविवारी — आमच्या घरी यायचं! आई मक्याच्या पानात उकडलेले तामाले करणार आहे. तुम्ही दोघंही या. मॅरेनला भेटायचंय तिला." आणि मग साध्या आवाजात, अगदी मनापासून म्हणाला, "नशीबवान आहात हो. अशी शेजारीण कुणाला मिळते?"

ऑर्विलचा हात चटणीच्या वाटीवर थांबला.

त्यानं मॅरेनकडे पाहिलं. फार वेळ नाही, क्षणभरच. त्या क्षणात आजोबा, बारीक कापलेलं मांस, जांभळा बैल, सगळं त्याच्या डोक्यात जागच्या जागी बसलं असणार. मॅरेननं काटा खाली ठेवला. आता हा विचारणार, कोण शेजारीण? आता सगळं उघडं पडणार.

"खरं आहे," ऑर्विल म्हणाला. "फार चांगली शेजारीण आहे."

आणि मग त्यानं जे केलं, ते मॅरेन जन्मात विसरली नाही. आख्ख्या तालुक्यातल्या पोरांची नावं, थांबे आणि घरचे कुत्रे ज्याला अजून तोंडपाठ होते, त्या माणसानं आपला हात थरथरवला, नजर भिरभिरवली आणि बारीक आवाजात विचारलं, "हा… महिना कुठला चाललाय, बाळा?"

"नोव्हेंबर, आजोबा," रुबेन मायेनं म्हणाला.

"असं होय? मला वाटलं, उन्हाळाच आहे."

मॅरेनला तिथं बसवेना. ती उठून सरळ गाडीकडे गेली. मागून ऑर्विल उरलेलं जेवण खोक्यात बांधून घेऊन आला, तिच्या मांडीवर ठेवलं आणि गाडी सुरू केली. हमरस्त्यावरच्या सगळ्या पाट्या उजळल्या होत्या. पास्ता गेला, खेकडे गेले, पॅनकेक गेलं.

"डॅडी…"

"रस्ता निसरडा आहे आज."

"डॅडी, मी…"

"खोकं सरळ धर. रस्सा सांडेल."

मग लाल दिव्याशी थांबल्यावर तोच बोलला. समोर बघतच. "तुला लाज वाटत होती, हे मला कळायला हवं होतं. तू सांगत होतीस. मला वाटायचं, लाडात बोलतेस."

"एका फुकटच्या केकसाठी कशाला करता हो तुम्ही असं?" ती रडत म्हणाली. रडतानासुद्धा तिला आपलंच घोडं पुढे दामटायचं होतं, याचीही नंतर तिला लाज वाटली.

"केक?" ऑर्विलला खरोखरच कळेना. "मला गोड कुठं चालतं? साखर आहे मला." दिवा हिरवा झाला तरी त्यानं गाडी पुढे काढली नाही. मागचा भोंगा वाजवायला लागला तेव्हा काढली. "तू दुसरीत होतीस. तुझ्या वर्गातल्या त्या तारा लावलेल्या दातांच्या पोरीचा वाढदिवस होता, असल्याच खोगीरवाल्या हॉटेलात. घरी येऊन तू मला विचारलंस, डॅडी, मला कधी बसवणार खोगिरावर? मी म्हटलं, पुढच्या वर्षी. मग तुझ्या आईचं दुखणं निघालं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. दर वर्षी म्हटलं. आणि मग एका वर्षी तू विचारायचंच बंद केलंस."

त्यानं वायपर जरा जोरात लावले.

"म्हटलं, राहिलेत ते वाढदिवस करून टाकू," तो म्हणाला. "हे खोगीरवालं उघडलं तेव्हा मला काय आनंद झाला होता! बरं, ते जाऊ दे. पोरगा गुणी आहे. त्याला काही सांगू नकोस. रविवारी तू एकटीच जा. मी शुक्रवारपुरता शेजारी होतो की. माझं काय जातंय?"

रागावला असता, दोन शब्द लावले असते, तर बरं झालं असतं. मॅरेन मांडीवरचं खोकं घट्ट धरून बसली. आपल्या बापाला आपण बाप म्हणायला लाजलो, आणि त्यानं ती लाजसुद्धा आपल्यासाठी झाकून घेतली. कुठे फेडशील हे, मॅरेन टोलेफसन?

सकाळ झाली तेव्हा तिचं ठरलं होतं. दुपारी तिनं बापाच्या हातात कोट दिला. "चला. जेवायला."

"आज शनिवार आहे."

"माहीत आहे. तुम्हाला विसर पडतो, मला नाही पडत."

ऑर्विल हसला, आणि ते हसू बघून तिला परत रडू आलं.

शनिवारच्या दुपारी 'प्रेअरी स्टार' नुसतं फुलून गेलेलं. आइस हॉकी खेळून आलेली पोरं, त्यांचे आईबाप, चर्चमधल्या बायकांचा एक अख्खा घोळका. बाहेर थांबलेले लोक हातातलं बोलावण्याचं यंत्र कधी थरथरतं याची वाट बघत होते. रुबेन त्यांना बघून उजळला. "आज? काय विशेष?"

"वाढदिवस," मॅरेन म्हणाली.

"परत तुझा?"

"नाही. यांचा."

"माझा ऑगस्टमध्ये—" ऑर्विल सुरू झाला.

"गप्प बसा हो तुम्ही!"

खोगीर आलं. ऑर्विल "अगं, माझे गुडघे" म्हणत होता, पण दोघा वेटरांनी त्याला वर चढवलाच. रुबेननं एका हातात मेणबत्ती लावलेला केक धरून दुसऱ्या हाताचा कर्णा केला आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं पुकारलं, "मंडळी, इकडे लक्ष द्या! आज आपल्या ऑर्विल आजोबांचा वाढदिवस आहे! आणि त्यांना घेऊन आली आहे त्यांची शेजारीण—"

"शेजारीण नाही!"

आवाज इतका मोठा निघाला, की हॉकीची पोरंसुद्धा थांबली. मॅरेन उभी होती. तिला वाटलं होतं, लाजेनं मरायला होईल. झालंच. पण ती बसली नाही.

"मुलगी आहे मी त्यांची. हे माझे वडील आहेत. त्यांना काही विसर पडत नाही, उलट मी दुसरीत काय मागितलं होतं तेही त्यांच्या लक्षात आहे. माझे खोटे वाढदिवस करतात म्हणून मला लाज वाटली, आणि मी… मी त्यांना शेजारी म्हटलं. रुबेन, तुला मी पहिल्या दिवसापासून खोटं सांगितलंय. मी चांगली नाहीये. चांगले ते आहेत."

रुबेनच्या हातातला केक तसाच, मेणबत्तीचं मेण केकवर ओघळत होतं. त्यानं खोगिरावरच्या ऑर्विलकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"अरे पोरांनो," ऑर्विल वरून म्हणाला, "ओरडायचं असेल तर उरकून घ्या. मला इथून उतरता येत नाही."

चर्चच्या बायकांपैकी एकीनं डोळे पुसत "यी-हाऽऽ" केलं. मग हॉकीच्या पोरांनी. मग सगळं हॉटेल उठलं, पाय आपटले, टरफलं उडाली. ऑर्विल दोन्ही हात वर करून बसला होता आणि हसत होता. त्या गलक्यात रुबेननं केक टेबलावर ठेवला आणि तो आत निघून गेला.

त्यांचं जेवण दुसऱ्याच वेटरनं आणलं. मांस अख्खं होतं, न कापलेलं. मॅरेननं ते पाहिलं आणि तिचे डोळे डबडबले. संपलं. ठीक आहे. असंच व्हायला हवं होतं. ऑर्विलनं आपली सुरी उचलली, व्यवस्थित तुकडे केले आणि त्यातले चांगले चांगले तिच्या बशीत टाकले.

"खा," तो म्हणाला. "मला अभिमान वाटला तुझा. आणि ओरडलीस काय! मी बसमध्येसुद्धा कधी असा ओरडलो नाही."

बशा उचलल्या गेल्या, तेव्हा टेबलाशी सावली पडली. रुबेन. एप्रन काढून हातात धरलेला. कान लालबुंद.

"मी तुम्हाला खडू दिले," तो ऑर्विलला म्हणाला. "सूप फुंकून दिलं. आजोबा म्हटलं! तुम्ही एकदा तरी थोबाडीत द्यायची होतीत मला. आत्ता मागे शीतघरात जाऊन उभा होतो, एवढी लाज वाटली."

"बैल छान झाला होता पण," ऑर्विल म्हणाला.

रुबेन मॅरेनकडे वळला. "आणि तुझ्यावर मी चिडलोय. खूप."

"चिड," ती म्हणाली. "बरोबर आहे."

"उद्यापर्यंत चिडलेला राहणार आहे."

"…आणि उद्या?"

"उद्या आई असेल. तिच्यासमोर पाहुण्यांवर चिडायची सोय नाही." त्याच्या ओठांचा कोपरा हलला, आणि तो त्यानं परत दाबला. "तुला काय वाटलं, शेजाऱ्याला जपतेस म्हणून मी मार्चपासून तुला लक्षात ठेवलं? तेव्हा ही शेजाऱ्याची गोष्ट कुठे होती! पास्त्याच्या हॉटेलात तुझं तोंड टोमॅटोसारखं झालं होतं, केसांना क्रीम होतं, आणि तरी तू आम्हा सगळ्यांना एकेकाला बघून थँक्यू म्हणालीस. गाणाऱ्या वेटरकडे कुणी बघत नाही, मॅरेन. लोक केककडे बघतात."

मॅरेननं कागदी रुमालानं डोळे पुसले.

"आता खरं सांग," तो वाकून हळूच म्हणाला. "खरा वाढदिवस कधी असतो तुझा?"

"एकोणीस जुलै. हे… हे खरं आहे."

"मग जुलैपर्यंत मी गाणार नाही. कुणी कानात काहीही सांगो." त्यानं ऑर्विलकडे रोखून पाहिलं. "पण जुलैत मीच गाणार. दुसऱ्या कुणाच्या टेबलावर जायचं नाही."

"इतके दिवस थांबशील?" तिनं विचारलं. खरं तर विचारायचं वेगळंच होतं.

"आवडतेस तू मला, म्हणून चिडलोय ना," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. एप्रन त्यानं या हातातून त्या हातात घेतला. कपाळावरची बट मागे सारली, ती परत पुढे आली.

केक अजून तसाच होता, मेणानं माखलेला. ऑर्विलनं मेणबत्ती उपटून बाजूला ठेवली, काटे मोजून मांडले, आपल्यासमोरचा मात्र बाजूला सारला. मग त्यानं बाकावर ऐसपैस बसलेल्या, रडवेल्या आणि हसऱ्या आपल्या लेकीकडे पाहून घसा खाकरला.

"शेजारीणबाई," तो म्हणाला, "जरा आत सरका. त्याला बसू द्या."

मॅरेन सरकली.